शनिवारची तपासणी

शनिवार होता. प्रार्थना झाली. मी मुलांचे दात तपासले आणि माझ्या मुलीला रांगेतून बाहेर काढलं. ती तिसरीत होती.

बाहेर काढलेल्या मुलांनी शाळेच्या ओट्याजवळ उभं राहायचं, हा नियम माझाच. नखं वाढलेली, केस न विंचरलेले, दात न घासलेले, अशांची ती जागा. त्या दिवशी तिथे दातांसाठी काढलेले पाचजण होते, ती सहावी. मी त्या शाळेत शिक्षिका होते आणि शाळेत ती मला इतरांसारखंच 'बाई' म्हणायची. तशी ताकीदही मीच दिलेली. तिला बाहेर काढताना मी म्हणाले, "आणि तू तर बाईंची मुलगी!" मुलं हसली. मागून एकजण म्हणाला, "बाईच्या घरची राखुंडी सरली वाटतं." पुन्हा हसली. तीही हसली, सवयीनं, आणि हसता हसता तिचा हात तोंडावर गेला. मी तो हात पाहिला. त्या वेळी त्याचं मला काही वाटलं नाही.

एवढं लिहून मी वही मिटली होती. पुन्हा उघडायला दोन महिने गेले.

आमचं ते गाव चाकूरच्या बाजूला. जिल्हा नुकताच नवा झाला होता. ज्या कामाला उस्मानाबादला जावं लागायचं ते आता लातूरला होऊ लागलं होतं. मुलीचे वडील तिथल्या कचेरीत कारकून, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचे. शाळेच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं रंगवलं होतं. उन्हात जुनं नाव खालून दिसायचं. माझं माहेर नांदेड. मुलीचा जन्म तिथलाच. तीन महिन्यांची असताना मी तिला घेऊन गावात परत आले, तेव्हा पाऊस गेलेला होता आणि पुढच्या वर्षीही तो आला नाही.

गावाला पाण्याची एक जुनी बारव होती. पायऱ्या उतरून लोक पाण्यात उभे राहायचे आणि घागरी भरायचे. त्या पाण्यातून नारू व्हायचा. आमच्या शेजारी किराणा दुकानदाराच्या घरातल्या काकू राहायच्या. त्यांच्या पुतण्याच्या घोट्यातून नारू निघाला होता. पांढरा दोऱ्यासारखा जंत, काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सुजणार. तो मुलगा ओसरीवर पाय पसरून बसलेला असायचा आणि मी माझी मुलगी कडेवर घेऊन समोरून जायचे. मी आरोग्य खात्याची पुस्तिका आणून वाचली. अक्षर न अक्षर वाचायची खोड मला माहेरापासूनच. बारवेचं पाणी न गाळता, न उकळता तान्ह्या मुलाच्या तोंडी जाता कामा नये, एवढं मी त्यातून पक्कं केलं.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावात बोअर पाडायची गाडी आली. शाळेच्या कोपऱ्यावर हापसा बसला. पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा लोकांनी नारळ फोडला. गावात माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसेल. काकूंनी ओंजळभर पिऊन तोंड वाकडं केलं.

"चव न्हाई माय ह्याला. चहा बी येगळाच लागतो."

"काकू, चवीपायी नारू घ्यायचा का?"

"आमची हाडं मुरली त्या बारवेत. तू दे तुझ्या लेकराला तुझं शहाणं पाणी."

मी दिलं. पहिल्या दिवसापासून तेच दिलं. लग्नाकार्याला, पाहुण्यांकडे जाताना बाटली बरोबर न्यायचे. बायका हसायच्या. मुलगी पाच वर्षांची असताना तांड्यावरच्या मैत्रिणीबरोबर तिच्याकडे गेली आणि तिथल्या ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पिऊन आली. मी तिच्या घशात बोटं घालून ते ओकायला लावलं. ती खोकत होती आणि तिची मैत्रीण दारात उभी राहून बघत होती. त्या मुलीचं तोंड उघडं राहिलं होतं. तिचे दात कसे होते ते मला आज आठवतं. तेव्हा मी ते बघितले नव्हते, असं म्हणायला हवं.

दुधाचे दात नीट होते. ते पडले की शेणात गुंडाळून ती पत्र्यावर फेकायची आणि रोज सकाळी आरशात बघायची. नवे आले तेच खडूसारखे. काही महिन्यांत त्यांच्यावर पिवळे पट्टे आले, मग तपकिरी. समोरच्या दोन दातांना बारीक खड्डे पडले. मला वाटलं, हयगय. मी शाळेत असते, बाप लातूरला, पोरगी चूळ भरून पळते. मी राखुंडीत मीठ घालून स्वतःच्या अंगठ्यानं तिचे दात घासायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं. ती रडायची नाही. घासून झालं की ओठ वर करून मला दाखवायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. डाग गेले का, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळायचं.

मग तो शनिवार.

त्या संध्याकाळी तिचे वडील आले. ती त्यांच्याशी ओठ जेमतेम उघडून बोलत होती. त्यांनी तिला उजेडात नेलं, हनुवटी धरली, नखानं दात खरवडून पाहिला.

"ही घाण न्हाई," ते म्हणाले. "घाण असती तर निघाली असती. बघितलंस तरी का तू नीट?"

मी रोज बघत होते. 

सोमवारी रजा टाकून आम्ही तिला लातूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हापशाचं," मी म्हणाले. "हापसा बसला त्या दिवसापासून. त्यानंतर बारवेचा एक थेंब दिलेला नाही."

हे मी अभिमानानं सांगितलं.

त्यांनी सावकाश समजावलं. खोल खडकातल्या पाण्यात कधी कधी फ्लोराईड जास्त असतं. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच ते त्यांच्यात उतरतं. "हा डाग वरून लागलेला नाही बाई. दात येतानाच तो घेऊन आले. आता घासून जाणार नाही. उलट जेवढं घासाल तेवढं वरचं कवच जाईल."

खुर्चीत पाय हलवत ती ऐकत होती. "म्हंजी मी घासत होते ना, डॉक्टर?"

"लई घासत होतीस," ते हसून म्हणाले. "आता जरा कमी घास."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर सगळी रानं तांबडी, मोकळी. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी घाण नव्हते ना मग?"

"नव्हतीस."

"आणि बाकीचे पाचजण?"

"तेही नव्हते."

"मग उद्या प्रार्थनेच्या वेळी सांगशील? सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

"बाई म्हणून सांगशील का आई म्हणून?"

"बाई म्हणून."

तिचं समाधान झालं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपली. तोंड थोडं उघडं होतं.

मंगळवारी मी लवकर शाळेत गेले आणि हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते वयस्कर होते, मनानं चांगले. त्यांनी खोलीचं दार लोटलं.

"बाई, बारव कोरडी पडत आली. तळाला जे हाय त्यात किडे वळवळायलेत. टँकरचा पत्ता न्हाई. ह्या हापशावर गाव जगायलंय. तुम्ही म्हनता, त्याचं पाणी वाईट हाय. मग लोकांनी प्यावं काय?"

"पाण्याचं नाही सांगत मी. मुलांना एवढंच सांगते, की ते डाग घाणीचे नाहीत."

"मग कशाचे, म्हनून इचारतील ना पोरं. तुम्ही काय सांगनार? दुपारपर्यंत घराघरात जाईल. बाया घागरी घेऊन परत बारवेत उतरतील. नारू निघाला तर तुम्ही काढनार का काडीला गुंडाळून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीच्या दाताला डाग पडला, जीव तर नाही ना गेला. आपन वर अर्ज करू. पाऊस पडू द्या, मग सांगा."

त्यांचं बोलणं मला पटलं. आजही त्यात खोटं काही सापडत नाही. म्हणून तर ते मनातून जात नाही.

प्रार्थना झाली. ती तिसरीच्या रांगेत दुसऱ्या क्रमांकावर उभी होती. तिनं वेण्या स्वतः घातल्या होत्या, भांग वाकडा पडला होता. ती माझ्याकडे बघत होती. मी हजेरीपुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आजपासून फक्त नखं तपासली जातील." मुलांनी हात पुढे केले. तिनंही केले. मी तिच्या नखांवरून नजर फिरवली आणि पुढे गेले.

ओट्याजवळ काढलेली ती पाचही मुलं हापशाच्या गल्लीतली होती. तांड्यावरची, झिऱ्याचं पाणी पिणारी मुलं धुळीनं माखून यायची, त्यांची नखं काळी असायची, पण त्यांचे दात एकजात पांढरे. दर शनिवारी मी ते पाहत होते. सगळा पुरावा ओळीनं तोंड उघडून माझ्यासमोर उभा असायचा. आणि वाचनाची आवड असलेली मी, मला तो वाचता आला नाही.

मी अर्ज केले, हे खरं. वर्षामागून वर्ष केले. पाण्याचे नमुने नेले, पिण्याजोगं नाही म्हणून हापशाला लाल रंग लागला, दुसरीकडून नळ आला. तोवर ती कॉलेजला नांदेडला गेली होती. पाऊस त्याआधी बऱ्याचदा पडला. 'पाऊस पडू द्या, मग सांगा' हे माझ्या लक्षात होतं. पहिल्या वर्षी मी विसरल्यासारखं केलं. नंतर वाटलं, मुलं विसरली असतील, कशाला उकरून काढायचं. तिनं मला कधीच विचारलं नाही. त्या मंगळवारी ती घरी आली, दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "बाई, भूक लागली." घरात ती मला बाई म्हणाली. एकदाच. पुढे आई म्हणत राहिली, वेळेवर जेवली, चांगले मार्क मिळवले. फक्त हसताना हात तोंडावर जायचा. पुढे ती हाताशिवायही ओठ मिटून हसायला शिकली. लोक म्हणायचे, किती सोज्वळ हसते.

तिनं नोकरी केली, संसार केला. दात झाकून घेण्याचे उपाय निघाले, तिचा नवरा म्हणाला करून घेऊ. ती म्हणाली, सवय झाली आहे.

गेल्या वर्षी ती नांदेडच्या दवाखान्यात वारली. तीन आठवडे आजारी होती. नेण्याआधी तोंडात पाणी घालायचं होतं, बायकांनी मला पुढे केलं. मी तिचे ओठ बोटांनी वेगळे केले. दात दिसले. किती वर्षांनी पाहत होते मी ते. समोरच्या दोन्हींच्या कडा झिजल्या होत्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घाल माय पाणी, हात नको थांबवूस." मी चमच्यानं पाणी घातलं. ते आत गेलं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि मी ते पदरानं पुसलं.

आता दुपारी पुस्तक घेऊन बसले की काही पानांनंतर डोळा लागतो आणि ती रांग येते. मुलं बोटांनी ओठ वर करून उभी असतात आणि मी पुढे पुढे सरकते. तिच्यापाशी आले की ती तोंड उघडत नाही. मी म्हणते, दाखव. ती माझ्याकडे बघत राहते. मला जे सांगायचं आहे ते त्या रांगेतही मला सांगता येत नाही. पुस्तक मांडीवरून घसरतं आणि शाळेचं अंगण रिकामं होतं. ती पाच मुलं आज कुठे आहेत मला ठाऊक नाही. एकाचा जुना पत्ता मिळवून पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

माझ्याकडे तिचे चौदा फोटो आहेत. सगळ्यांत तिचं तोंड मिटलेलं आहे.