रोलर मधात थांबत नाई

माहा नवरा सोमला रोलर चालवते. दुनियेचे रस्ते गुळगुळीत केले त्यानं, अन् मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यातून बाळंतीण न्यायची म्हटली तं जीव खालीवर होते! दिवाळी झाली की हा बिस्तरा बांधून दूरच्या कामावर निघते. पोरगी त्याले पाहुणाच समजे.

यंदा आमचाच रस्ता निघाला. जुन्या टायरचा चुरा टाकलेलं डांबर. ठेकेदार म्हणे, "पहिला तुकडा बांधकामाच्या साहेबाले पसंत पडला तं पोहरादेवीपर्यंतचं काम तुलेच." म्हंजे सालभर घरी! तवापासून याची झोप उडाली. भाकर हातात अन् नजर रस्त्याकडं.

"रबराचं डांबर लवकर आवळते," तो घोकत राहे. "गरम आहे तोवरच दाबा लागते. रोलर मधात थांबला तं तिथंच खड्डा."

"मले कायले सांगता? मी काय थांबवून राह्यली?" मी वैतागून म्हटलं.

थांबवणारी दुसरीच निघाली. डांबर टाकलं, धूर निघून राह्यला, साहेब उभा, अन् माही सासू हिरीबाई आरतीचं ताट घेऊन रोलरपुढं हजर! तांड्यात पहिल्यांदा रोलर आला, त्याले ओवाळल्याबिगर ते कशी जाऊ देईन?

"थांब रे सोमला! कुकू लावू दे."

"याडी, बाजूले हो!" आईले आमी याडी म्हणतो.

"आपल्या याडीसाठी बी थांबत नाई तू?"

तो थांबला नाई. सासू कडेले सरकली, तिचे डोळे भरून आले. मले असा राग आला त्याचा! पण त्याच्याकडं पाह्यलं, तं दात आवळून स्टिअरिंग धरलेलं, अन् डोळे त्याचे बी लाल.

मंग मीच सासूचा हात धरला. "चाला, कडेकडेनं. रोलर पळते तरी किती?"

सासू ओवाळत चालली. रोलर मागं आला तं हे बी मागं. बाया हसून हसून बेजार.

"दमशीन ना याडी!" सोमला वरून ओरडला.

"तू घरी राह्यशीन ना? मंग दाब. मी चालीन."

साहेबाचा निरोप आजून आला नाई. सोमला दारात येरझाऱ्या घालते. बिस्तरा बांधूनच होता. काल सासूनं तो सोडला, त्याच दोरीची अंगणात कपड्यायची वलणी बांधली, अन् त्याची गोधडी उन्हात टाकली.