बगळ्यांनी सोडलेली म्हैस
गुरांत रोग शिरला की करतात तसल्या कडुनिंबाच्या धुराचा वास आज शेजारच्या गोठ्यातून आला आणि मला पर्वतीच्या तळ्याकाठची ती सकाळ आठवली. तेव्हा आमचं दूध श्रीमंत पेशव्यांच्या वाड्यावर जायचं आणि वडिलांना त्याचा भारी तोरा होता. म्हशी चरू लागल्या, की गवतातले टोळ उडायचे आणि ते टिपायला प्रत्येक म्हशीमागे दोन-तीन बगळे चालायचे. त्या सकाळी मात्र आमच्या सगळ्यात दुधाळ म्हशीपाशी एकही बगळा नव्हता. ती गवतात नुसतं तोंड घालून उभी होती. आई म्हणाली, "अहो, हिला आज वेगळी बांधा." वडील म्हणाले, "आता बगळ्यांना विचारून गुरं बांधायची का?" आणि त्यांनी तिला सगळ्यांबरोबरच गोठ्यात घातली. आठवडाभरात बुळकांडीच्या रोगानं गोठा रिकामा केला. बगळे शेजाऱ्यांच्या म्हशींमागे चालू लागले. त्यांचं काहीच अडलं नाही. आज तो धूर नाकात गेला, तशी मी तडक कुरणावर गेले आणि आधी बगळे शोधले. माझ्या दोन म्हशींमागे ते चालत होते. तिसरी एकटीच उभी होती.