सातव्या थरातला दगड

भिलाईत दोन दिवस राहूनही शिवनाथ नदीवरचा जुना रेल्वेपूल पाहायचा राहू शकतो, हे सेक्टर सहामध्ये बहिणीकडे उतरेपर्यंत मला माहीत नव्हतं. पूल पाहायला आलोय म्हटल्यावर भाऊजी दुखावले. "पूल काय पाहायचा? प्लांट पाहा!" मग प्लांटचा पास, चहा, माहितीपत्रक, आणखी चहा. दर फाटकाजवळ भाऊजी सहकुटुंब उभे राहत आणि मी फोटो काढी. परतीच्या दिवशी कॅमेऱ्यातल्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

भाऊजींच्या खात्यातल्या मेश्रामांचे वडील रेल्वेतून निवृत्त होऊन बोरसीला राहत. पुलाचं त्यांना ठाऊक, असं कळलं. भाऊजींची स्कूटर घेऊन निघालो. सुपेल्याच्या चौकात एक ट्रक, दोन म्हशी आणि कुणाची तरी स्वागतकमान उभारणारे कार्यकर्ते यांनी मिळून अर्धा तास खाल्ला.

म्हातारे मेश्राम खांद्यावर दुपट्टा टाकून दारातच उभे होते.

"त्या पुलाचे दगड माह्या आज्यानं घडवले. सोनबा नाव त्याचं," स्कूटरवर बसता बसता ते म्हणाले. "निशाणी हाये एका दगडावर. तिकोन अन् मधात टिंब. पोरगं म्हणते, बाबा, सपन पाहून राहिले तुमी. मले आता बराबर दिसत नाही. तुमी फोटू काढून द्या, म्हंजे त्याचं तोंड बंद होते."

"निशाणी कशाला करत?"

"दगड बिघडला तं कोणाले धरायचं, हे समजाले."

शाबासकीची सोय त्या काळीही नव्हती तर.

पूल मात्र खरोखर देखणा. वर लोखंडी तुळया, खाली काळ्या दगडाचे खांब. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्यांची प्रवाहाकडची बाजू होडीच्या पुढच्या टोकासारखी निमुळती. सांधे इतके बारीक की सुरीचं पातं शिरू नये. कुठं नक्षी नाही, बढाई नाही. बढाई होती ती ताजी: काठावरच्या खांबाला पुरुषभर उंचीपर्यंत पांढराशुभ्र चुना फासलेला. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची पाहणी होती. साहेबांना दगड दगडासारखा दिसू नये, असा काही नियम असावा.

मेश्राम हातानं चाचपत थर मोजू लागले. "बुडाहून सातवा. कोपऱ्यातला."

"झन छू बबा, गीला हे!" (हात लावू नका आजोबा, ओलं आहे!) चुना मारणाऱ्यांचा मुकादम ओरडला. "साहब मोला खिसियाही!" (साहेब माझ्यावर चिडतील!)

"पूछेगा तो बोलना, सोनबा का पत्थर है."

मेश्रामांनी दुपट्टा नदीत बुडवला आणि दगड पुसू लागले. मुकादम तरातरा आला, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून थबकला, आणि कपाळावर हात मारून पाण्याची बादली त्यानंच पुढं सरकवली.

चुन्याखालून काळा दगड निघाला. त्रिकोण, मध्ये टिंब. मेश्रामांनी बोट टेकवलं. "हे पाहा!"

मी बटण दाबलं.

संध्याकाळी परतीची गाडी त्याच पुलावरून गेली. खिडकीतून लोखंडी तुळया सटासट मागं गेल्या, एवढंच. ज्याच्या खांद्यावरून आपण जातो, त्याचं तोंड आपल्याला दिसत नाही.

पुण्यात फिल्म धुऊन आली. फाटकं सगळी स्वच्छ. पुलाचाही फोटो सुरेख: शुभ्र खांब, एकच काळा दगड, ओला दुपट्टा, हसणारे मेश्राम, आणि निशाणी नेमकी त्यांच्या बोटाखाली.

चरफडत तोच पाठवला, वर क्षमा मागितली. महिन्यानं त्यांच्या मुलाचं कार्ड आलं.

"फोटोत निशाणी दिसत नाही. रविवारी बाबांना घेऊन स्वतः गेलो. पुन्हा चुना मारला होता. बादली मी घरूनच नेली होती."