ताटातलं पाणी

सांगोल्याच्या स्टँडवर आप्पांनी माझी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता अभ्यास, वाईट संगत, सिनेमा असं काहीतरी निघणार. आप्पा म्हणाले, "तितं बी ताट धुऊन पीत जा. सोलापूरला नळ हाय म्हणून मातू नगंस." एवढंच. गाडी हलली. मंगळवेढ्याच्या अलीकडे पुढच्या बाकावरची बाई खिडकीतून ओकली आणि वाऱ्यानं त्यातला माझा वाटा माझ्या नव्या सदऱ्यावर आणून ठेवला. माझं शहरात जाणं असं सुरू झालं.

गावात राहिलेल्यांना सांगायला नको, पण माझ्यासारखे ट्रंक उचलून गेलेले कदाचित विसरले असतील. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी घ्यायचं, कडेनं बोट फिरवून शीत न् शीत गोळा करायचं आणि पिऊन टाकायचं. आमच्या शंकराच्या भक्तांच्या घरात अन्न म्हणजे प्रसाद. प्रसाद मोरीत जात नाही. त्यात दुष्काळ नुकताच सरलेला. विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडलेलं, रेशनच्या तांबड्या मिलो जोंधळ्याची भाकरी घशाखाली ढकललेली. ताट धुऊन पिण्यात भक्ती किती आणि टंचाई किती, याची वाटणी आम्ही कधी केली नव्हती.

सोलापुरात सात रस्त्यामागच्या बोळात एका मावशींची खाणावळ होती. माडीवर राहायचं, खाली जेवायचं. बोळातून गटार उघड्यानं वाहायचं, आणि हात पुसायला सगळ्यांना मिळून एकच पंचा होता. तो ओला नव्हता आणि कोरडाही नव्हता. तो चिकट होता. पहिल्या संध्याकाळी जेवण झालं, मी ताटात पाणी घेतलं, बोट फिरवलं आणि सुर्रकन पिऊन टाकलं. वर बघतो तर सगळ्यांचे घास हातातच.

समोर मोहोळचा शिंदे बसला होता. हा माझ्याच खोलीत राहायचा आणि आमच्यात पुढारी तोच. तो म्हणाला, "काय करायलास बे? खरकटं पितोस? जनावर हायस का?"

असं बोलून शिंद्यानं स्वतःच्या ताटात हात धुतले. मग तोंडात पाणी घेतलं, गुळगुळ केली आणि चूळ त्याच ताटात सोडली. चघळलेल्या शेवग्याच्या शेंगांची सालं, आमटीचा तवंग, फुगलेली शितं, हे सगळं त्या पाण्यात हळूहळू गोल फिरायला लागलं. वर शिंद्यानं ढेकर दिली. ताटावरून नजर हलवावी म्हणून मी शेजारी बघितलं, तर शेजारच्याच्या ताटातही तोच तलाव. मी मोरीत धावलो आणि प्रसाद परत केला. आता बघा, ताट चाटूनपुसून स्वच्छ करणारा मी, आणि ओकलो म्हणून घाणेरडा ठरलो तोही मीच.

आठवडाभरात सगळे मिळून मावशींकडे गेले. हा तरी जेवेल नाहीतर आम्ही तरी. मावशी म्हणाल्या, उद्या सांगते. माझ्या ऐपतीची दुसरी खाणावळ नव्हती. ही गेली तर इंग्रजीचा क्लास सुटणार, बँकेची परीक्षा बुडणार आणि ट्रंक परत टपावर.

तो क्लास सायकलच्या दुकानावर भरायचा, शिंदेही तिथंच यायचा. सरांची पद्धत अशी की रोज फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद, तेही आपलं शेपूट घेऊन आलेलं, आणि प्रत्येकानं उभं राहून त्याचं वाक्य करायचं. पुस्तकातलं चालत नसे. स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य हवं. दुसऱ्या दिवशी नेमकं आलं 'पुट अप विथ'. सरांनी अर्थ सांगितला, नकोशी गोष्ट नाइलाजानं खपवून घेणं, चालवून घेणं. मी खूश झालो. माझ्याकडे कोठार भरलेलं होतं: पंचा, गटार, शिंदे.

पण आधी शिंदेच उभा राहिला. "वुई पुट अप विथ अ डर्टी बॉय इन अवर मेस."

"एक्सलंट!" सर म्हणाले. "ह्याला म्हणतात वापर. सगळ्यांनी उतरवून घ्या." त्यांनी वाक्य फळ्यावर लिहिलं. माझ्या अपमानात एकसुद्धा चूक नव्हती. वर्गानं उतरवलं, मग मीही उतरवून घेतलं. अक्षर छान आलं.

माझी पाळी आली. म्हणालो, "सर, आय पुट अप विथ शिंदेज वॉटर."

"वॉटर? कसलं पाणी?"

मग मराठीत सांगितलं. सालं सांगितली, तवंग सांगितला, गुळगुळ करून दाखवली, ते गोल फिरणं तर बोटानं हवेत काढून दाखवलं. पुढच्या बाकावरचा एकजण तोंड दाबून गॅलरीत पळाला. सरांनी हातातला चहा खाली ठेवला. "बस. बस खाली. वाक्य बरोबर आहे."

संध्याकाळी मावशींनी निकाल दिला. "तू सैपाकघरात जेवायचं, भिंतीकडं तोंड करून. ह्यास्नी दिसाय नको, मला कटकट नको." जागा टिकली. काजळी धरलेल्या भिंतीसमोर मी जेवायचो. एक झुरळ वेळेवर यायचं, मिशा हलवत बसायचं. मी ताट धुऊन प्यालो तरी त्यानं कधी नाक मुरडलं नाही.

पण माणसाला माणसांची पंगत लागते. पावसाळा संपेपर्यंत मी वाकलो. एके दिवशी बाहेर जाऊन बसलो, जेवलो, ताटात हात धुतले, चूळ भरली आणि सगळ्यांदेखत ताटात सोडली. शिंदे सरकून बसला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता माणसात आलास बे!" मला स्वतःचीच शिसारी आली. ती मी पुट अप विथ केली.

दिवाळीला सांगोल्याला गेलो. आईनं दिवे लावायचं काम सोडून शेंगदाण्याच्या कुटाची पोळी वाढली. मी पोटभर जेवलो आणि सवयीनं ताटात हात धुतले, गुळगुळ केली, चूळ सोडली. आईचा हात पोळीवर थांबला. आप्पा उठले. ताट उचलून अंगणात गेले आणि शेळीपुढं ठेवलं. शेळीनं हुंगलं, शिंकली आणि तोंड फिरवून लांब जाऊन उभी राहिली.

"आरं, शेळीला बी किळस आली की," आप्पा म्हणाले. मग ताट त्यांनीच घासलं. मला हात लावू दिला नाही.

परत आल्यावर मी मुकाट्यानं भिंतीकडं तोंड करून बसलो. झुरळ होतंच.

बँकेत लागलो, पुण्यात संसार झाला. आप्पा-आई गेले. परवा पुतण्याच्या घरभरणीला गावी गेलो होतो. चंदेरी कागदाच्या पत्रावळ्या, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. निम्मी पिऊन निम्मी लोकांनी पत्रावळीतच ओतलेली, त्यात गुलाबजाम तरंगतायत. मला पुन्हा मंगळवेढ्याची ती खिडकी आठवली. मी पत्रावळीत घोटभर पाणी घेतलं, बोट फिरवलं आणि ती दुमडून प्यालो. पुतण्या धावत आला. "काका, काय करायलाव! लोक बघायलेत की." मग पाहुण्यांकडं वळून हसला. "म्हातारं माणूस. चालवून घ्यायचं."

सर असते तर म्हणाले असते, एक्सलंट.

ताट धुऊन प्यालं तरी कुणी वर बघायचं नाही, ते माझं घर. ते आता सांगोल्यात नाही. पुण्यातही जेवण झालं की मी ताट घेऊन ओट्यापाशी जातो, बायकोकडं पाठ करतो, भिंतीकडं तोंड. तेवढ्या वीतभर जागेत ते घर असतं. भिंत पांढरी, गुळगुळीत टाइल्सची. झुरळ तेवढं नाही.