झरीत कुणी मला मत सांगेना

मी टाकलेल्या येलदरी धरणाच्या फोटोंखाली एकीनं विचारलं, "तिथं पहिल्यांदा कधी गेला होतात?" अगं, सत्त्याहत्तरची निवडणूक नुकती आटोपली होती तेव्हा! मी राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होते. मार्गदर्शक सरांचं म्हणणं, खेड्यातला माणूस पाटील सांगतील तिथंच शिक्का मारतो. मला मुळीच पटत नव्हतं. "मग लोकांची उत्तरं आणा," सर म्हणाले, "नाहीतर प्रबंध विसरा."

परभणीहून सकाळची जिंतूर एसटी धरली. ऊन तापायच्या आत निघा, हे आजही सांगेन. वाटेत झरीला सख्खी आत्या, म्हणजे मुक्काम फुकट! आणि मी शहाणी, पारावर सगळ्यांदेखत प्रश्न विचारायला बसले. पाटलांनी खाकरून उत्तर दिलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. झालं, सरच जिंकणार!

दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन बायांना एकेकटं गाठलं. एकीनंही सांगितलं नाही. "च्या घे बाई, मत नको इचारू." रडकुंडीला येऊन आत्याकडे परतले. ती भाकरी थापत होती, पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या ठेच्यासाठी मी अजून झरीला जाते.

"आत्या, तू तरी सांग गं. माझं शिक्षण अडलंय."

"आडू दे. आडोशाला जाऊन शिक्का मारलाय म्या. पाटलाला न्हाई सांगितलं, घरधन्याला न्हाई सांगितलं, तुला कशाला सांगू?"

माझा घास हातातच राहिला. पाटलांचंच ऐकलं असतं, तर लपवायचं कशाला? या बायांनी आपलं मत आपल्यापाशी ठेवलं होतं! आनंदाच्या भरात तशीच पुढं येलदरीला गेले, धरणाकाठच्या टपरीत पूर्णेच्या माशाचं झणझणीत कालवण हाणलं. लय भारी!

परतल्यावर सर म्हणाले, "उत्तरं नाहीत, म्हणजे अडाणीपणा." मी म्हटलं, "सर, हेच उत्तर आहे." वर्षभर भांडले, पण प्रबंध त्यावरच उभा केला आणि मंजूर झाला. पुढं जन्मभर निवडणुकाच अभ्यासल्या, पण त्या न सांगणाऱ्या बायांचा अभिमान सगळ्यात मोठा.

ऐंशीच्या निवडणुकीनंतर आत्या परभणीला माझ्याकडे आली. चहा पिताना हळूच म्हणाली, "कुणाला दिलंस गं?"

मी नुसती हसले.

"आता शिकलीस," म्हणाली, आणि कप पुढं केला.