गैरहजरांचा मुकादम

समोर बसलेल्यांपेक्षा न आलेल्यांशीच ज्याचं जास्त गूळपीठ होतं, असा मुकादम आमच्या आतोबांखेरीज अख्ख्या गोंदियात झाला नसेल. लढाईच्या काळात ते विड्यांच्या कारखान्यात मुकादम होते आणि मी तिथेच सालेकशाहून येणारी तेंदूची पानं निवडायला होतो. माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, पण कामावर त्यांनी मला कधी ओळख दाखवली नाही. गैरहजर राहिलो असतो तर कदाचित दाखवली असती.

सकाळी फाटकाशी कामाच्या आशेनं माणसं उभी असत. मागणी वाढली की आतोबा भराभर आत घेत, ओसरली की नव्यांना तितक्याच थंडपणे उद्या येऊ नका म्हणून सांगत. त्यात त्यांना वावगं वाटत नसे. मात्र जुनं माणूस आजारी पडलं किंवा बाई बाळंत झाली, तर तिची जागा मोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. तिच्या बसायच्या रिकाम्या पोत्यापुढे ते रोज सूप मांडत, त्यात भिजवलेली पानं आणि तंबाखू ठेवत, हजेरीला नाव पुकारत आणि उत्तर आल्यासारखी मान हलवूनच पुढे जात. एक नवा गडी हे पाहून जेवणाच्या सुट्टीआधीच तिरोड्याला पळाला, तो परत आला नाही. संध्याकाळी ते सूप विड्यांनी भरलेलं असे आणि त्यांची मजुरी तिच्या घरी जाई. येता-जाता प्रत्येकजण आपल्यातल्या थोड्या विड्या त्यात टाकी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबा मात्र पोत्याकडे बघून म्हणत, "चांगल्या वळल्या व बाई आज."

मग जुन्या बायांपैकी सखू तापानं अंथरुणाला खिळली, नेमकी मंदीच्या दिवसांत. तिच्या लेकरांची चूल त्या एका सुपावर होती. मालक येऊन म्हणाले, "ये सूप हटाओ मुकादम, बाहर कितने लोग खड़े हैं."

"जागा रिकामी नाही मालक," आतोबा म्हणाले. "थे बाई बसून आहे."

मालक हसले आणि सुपातली एक विडी त्यांनी उचलली. सखू डावखुरी. तिची विडी उलट्या अंगानं वळलेली असे आणि कारखान्यात दुसरं डावखुरं कुणी नव्हतं. मालकांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या उलट्या. बायांचे हात थांबले, कारण त्यांनी टाकलेल्या विड्या सुलट होत्या. मालकांनी विड्या जपून जागच्या जागी ठेवल्या आणि सुपाचा विषय पुन्हा काढला नाही. सखू बरी होऊन आली तेव्हा मी तिला विचारलं. "तापात सपनात वळूनच राहिली होती मी," ती म्हणाली. "सकाळी हात दुखत."

त्याच थंडीत खोकल्याचं निमित्त होऊन आतोबा गेले. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचं आता कसं होणार, या घोरात मी कामावर गेलो, तर बायांनी आतोबांची घोंगडी त्यांच्या जागी अंथरली होती. सखूनं त्यांचं नाव पुकारलं. मग तिनं मान हलवली आणि खाली बसली. दारात उभ्या मालकांनी घोंगडी उचलायला सांगितलं नाही, आणि आतोबांचा पगार आत्याच्या घरी जात राहिला.

ऐकून आत्या रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिथं लोटाभर ऊन पानी ठेवत जा रे. खोकला आहे त्याईले."

मी रोज ठेवत असे. संध्याकाळी लोटा रिकामा असे. कोण पितं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.