डब्ल्यूचा खण

एका दुपारी मी अकराशे कार्डांचे कोपरे कापले आणि वर शाबासकीची वाट बघत बसलो.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत नवी लोखंडी कपाटं आली होती. खणाच्या तोंडाशी आडवी पट्टी. कार्डांचा वरचा उजवा कोपरा तिला अडकायचा आणि खण हट्टी पोरासारखा मध्येच बसकण मारायचा. डब्ल्यूने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या खणातल्या काही कार्डांचा तो कोपरा आधीच कापलेला होता. मला वाटलं, कुणीतरी शहाण्याने काम सुरू करून कंटाळून सोडलंय. मी बाइंडिंगवाल्याचं कटर आणलं आणि उरलेलेही उडवले. सगळी कार्डं एकसारखी, बघत राहावं अशी.

खण आप्पांचा होता. जुन्या इंग्रजी शब्दांचा उगम शोधायचं काम चौतीस वर्षं एकट्याने ओढणारा माणूस. सतत मुळांच्या मागे, म्हणून कचेरीत त्यांना पाठीमागे ‘मूळव्याध’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. “खरंच आहे, मी कुणाला सुखाने बसू देत नाही,” म्हणायचे.

जेवून आले, खण ओढला, कार्डांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग खुर्ची हाताने चाचपून खाली बसले. चाचपून का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

“सुबक कापलंस रे,” ते म्हणाले. “आता यातलं खरं कुठलं आणि ऐकीव कुठलं, तेवढं सांग.”

मग कळलं. प्रत्येक कार्डावर सगळ्यात वर शब्दाचं सर्वांत जुनं रूप, खाली शतकागणिक बदलत आलेली रूपं, तळाशी आजचा शब्द. हा सगळा प्रवास आप्पांनी जुन्या मजकुरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर कार्ड अखंड. एखादी पायरी कुणाच्या सांगण्यावरून घेतली असेल तर कोपरा कापलेला.

“मग कार्डावर तसं लिहायचं ना!” मी म्हणालो. चूक माझी असली की माझा आवाज चढतो.

“अंगठ्याला वाचता येत नाही,” आप्पा म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

संपादकबाईंचा नियम कडक होता: खात्री नाही ते छापायचं नाही. छपाईला तीन महिने होते. कोपऱ्यांची गोष्ट त्यांना कळती तर अख्खा खण कोशातून गेला असता. कुजबुज ऐकून त्या आल्याच. “कुणी कापली ही कार्डं?”

“मीच सांगितलं त्याला, बाई. अडकत होती.”

बाई गेल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं, तर आप्पांनी हात वर केला. “तुझ्यासाठी नाही बोललो. त्या चौकशीला बसल्या की माझ्या डोळ्यांपर्यंत पोचतील. कडांकडून अंधार आत येतोय. मध्ये बांगडीएवढं उरलंय. डॉक्टर म्हणतात, वर्षसुद्धा नाही. घरी लेकीला माहीत आहे, आता तुला.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दार लावून बसलो. मी कार्ड वाचायचो, ते “पाहिलंय” किंवा “नाही” म्हणायचे. आमच्या शाळेत इंग्रजी ओरडून शिकवायचे, त्यामुळे मी हजार वर्षांपूर्वीचे शब्दही हजेरी घेतल्यासारखे पुकारायचो.

“हळू रे. मेलेले आहेत ते. ‘हजर’ म्हणतील.”

‘वर्ल्ड’ आला. “वेर म्हणजे पुरुष, पुढचा तुकडा वय. माणसाचं वय, तेच त्याचं जग. पाहिलंय, ठेव.” मग ‘वीअर्ड’. “आज विचित्र. तेव्हा अर्थ होता प्राक्तन, न टळणारं. पाहिलंय.”

“नाही” म्हणालेली दोनशे सात निघाली. त्यांच्यासाठी जुन्या मजकुरांच्या छापील प्रती उघडायच्या. आप्पा भिंग घेऊन नाक पानाला टेकवायचे. मी वाचून दाखवतो म्हटलं की वैतागायचे. “तू वाचलंस म्हणजे ते पुन्हा ऐकीवच झालं की!”

दोनशेची शंभर झाली, शंभराची तीस. भिंगही दोनदा बदललं, दर वेळी जाड. एकदा कपाच्या शेजारी, टेबलावरच चहा ओतला. एका सकाळी बाहेरच्या दालनात कोट टांगलेल्या खुंटीला “या बाई, बसा” म्हणाले. बाजूच्या टेबलावरचे खदखदून हसले, त्यांना वाटलं बाईंची नक्कल. मीही हसलो, जरा उशिरा.

शेवटी एकच कार्ड राहिलं: ‘वॉन’. आज त्याचा अर्थ फिकट, पांढुरका. हजार वर्षांपूर्वी अर्थ होता काळवंडलेला. “काळ्याचं पांढरं झालं कसं?” आप्पा म्हणायचे. “म्हणे मध्ये कधीतरी आजाऱ्याच्या चेहऱ्याला लावायला लागले. पण ती मधली पायरी मी पाहिलेली नाही.” ज्या प्रतीत ती सापडेल असं वाटत होतं ती दुसऱ्या ग्रंथालयातून यायची होती.

ती यायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, आप्पांनी मान वर केली. “दिवे गेले का रे?”

खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. “हो,” मी म्हणालो.

ते जरा वेळ ऐकत राहिले. “पंखा फिरतोय की.”

भिंग त्यांनी पुसून माझ्या पुढ्यात ठेवलं. “वॉन तू बघ. आणि घरी येऊन सांग. फोन नको, चिठ्ठी नको.”

“येतो, आप्पा.”

प्रत आली, मी पाहिलं. सातशे वर्षांपूर्वीचा अंथरुणाला खिळलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्याला तो शब्द. ओळ दहा वेळा वाचली. चेहरा काळवंडलाय की पांढरा पडलाय, कळत नाही. दोन्ही खरं वाटतं. बाईंना “पाहिलंय” एवढंच सांगितलं आणि खण पुराच्या पुरा छपाईला गेला.

आप्पा कचेरीत परत आले नाहीत. त्यांचा डबा आणि छत्री न्यायला त्यांची लेक आली. “बाबा रोज विचारतात, दादा. तुम्ही काही सांगायला येणार होतात?”

“उद्या येतो, ताई.”

त्याला पाच आठवडे झाले. ते विचारणार, तुला काय दिसलं? आणि ओळ सांगता सांगता मला समोर त्यांच्याच चेहऱ्याकडे बघावं लागणार.

काल त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. आप्पा पायरीवर बसले होते, तोंड रस्त्याकडे. मी चार हातांवर थांबलो.

“कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मी श्वास रोखून उभा राहिलो. मग आल्या पावली, चपला न वाजवता, परत आलो.